पलीकडच्या काठावरचं लग्न

माझ्या पुस्तकाच्या प्रती आमच्या दिवाणात आहेत. पाहुणे आले की नवरा आधी दिवाण उघडतो आणि मग चहाचं विचारतो, त्यामुळे हल्ली पाहुणेच कमी झालेत. सायखेड्यातल्या माझ्या लहानपणाच्या आठवणी आहेत त्यात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेनं लिहिल्या आणि हौसेनंच छापून घेतल्या. नातेवाइकांनी आपापली नावं असलेली पानं शोधून वाचली, "छान झालंय" म्हटलं आणि पुस्तक टीव्हीशेजारी उभं करून ठेवलं. त्यामुळे एक माणूस दारात येऊन म्हणाला की या पुस्तकावर आम्हाला नाटक करायचंय, तेव्हा मला वाटलं याला नवऱ्यानंच पाठवलंय.

नवऱ्याचा जुना सहकारीच होता तो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. नवरा निवृत्त झाल्यावर झोपायला लागला आणि हा गृहस्थ दिग्दर्शक झाला. कॉलनीतली हौशी मंडळी जमवून तो दरवर्षी नाट्यस्पर्धेत उतरतो आणि दरवर्षी परीक्षकांवर चिडून परत येतो. पुस्तक त्यानं खरंच वाचलं होतं. मी हरखून गेले. मग तो म्हणाला, "बाकीची प्रकरणं काही कामाची नाहीत वहिनी, पण ते लग्नाचं घेऊ." माझा अर्धा आनंद तिथंच गेला, पण उरलेला अर्धाही मला पुष्कळ होता.

ते लग्न माझ्या थोरल्या बहिणीचं. आम्ही तिला आक्का म्हणतो. आमच्या गावाला लागून गोदावरी, म्हणजे आमच्या भाषेत गंगा, आणि आक्काला दिलं होतं समोरच्या काठावरच्या गावात. मधे एक पूल. आषाढातला शेवटचा मुहूर्त होता आणि लग्न मुलाच्या दारात होतं. आदल्या संध्याकाळी आक्का, आमचे वडील म्हणजे दादा, आणि मामा-मामी असे पुढे गेले. आई आणि बाकीचं गाव सकाळी जाणार होतं. करवली म्हणून मीही आक्काबरोबर जायची होते, पण शिंप्यानं माझा फ्रॉक सकाळी देतो म्हणून सांगितलं. जुन्या फ्रॉकवर जाणार नाही म्हणून मी भोकाड पसरलं आणि आईनं मला ठेवून घेतलं. रात्रीत वरच्या धरणातून पाणी सोडलं. सकाळी फ्रॉक मिळाला आणि पूल पाण्याखाली गेलेला होता.

मग सगळं गाव नटूनथटून गंगेच्या काठावर येऊन उभं राहिलं. पलीकडे जायला काही मार्ग नव्हता आणि घरी परत जायची कोणाची तयारी नव्हती. बायकांच्या हातात आहेराची ताटं तशीच होती. मी मोठ्या माणसांच्या मागे, मला नुसती धोतरं आणि लुगडी दिसत होती. शाळेच्या मास्तरांनी हात उंच करून मनगटावरचं घड्याळ बघितलं तेवढं मात्र दिसलं. थोड्या वेळानं कोणीतरी "टाका" म्हणालं आणि सगळ्या गावानं पुराच्या पाण्यावर अक्षता टाकल्या. माझ्या ओल्या तळहाताला निम्म्या चिकटून राहिल्या. पुस्तकात मी हे असंच लिहिलंय, जरा नटवून लिहिलंय एवढंच.

आक्काला मात्र हे कधीच पटलं नाही. आई असेपर्यंत आई तिला सांगायची की सगळं गाव उभं होतं गं तुझ्यासाठी. आक्का हसून सोडून द्यायची. पुस्तक निघालं तेव्हा मी ते प्रकरण तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पुरात शेळ्या वाहून चालल्या व्हत्या आन् तुम्ही अक्षता टाकत बसलात व्हय? आईनं माझी समजूत काढली, आता तू काढ." मला राग आला. मी तिथं होते, ती नव्हती. पण तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या घराण्यात नाही, म्हणून पुस्तक मिटून घरी आले.

तालमी कॉलनीच्या क्लबात सुरू झाल्या. दिग्दर्शकाची हयात कंट्रोल रूममध्ये गेलेली, त्यामुळे तालीमही पाळ्यांमध्ये चाले. पहिल्या पाळीच्या नटांनी दुसऱ्या पाळीच्या नटांना चार्ज दिल्याशिवाय घरी जायचं नाही, अशी ताकीद होती. गंगेचा पूर चार निवृत्त कर्मचाऱ्यांकडे सोपवला होता. निळ्या ताडपत्रीखाली दोघं या टोकाला, दोघं त्या टोकाला, आणि ताडपत्री हलवत राहायची. दुपारच्या तालमीला पूर हमखास ओसरायचा, मग दिग्दर्शक ओरडायचा की पाणी वाढवा, घोरू नका. माझं काम करायला तेविशीची मुलगी घेतली होती. दोन वेण्या घालून ती भोकाड पसरायची तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटायची.

आणि भाषा. कॉलनीत विदर्भापासून कोल्हापूरपर्यंतची माणसं, खेडवळ बोला म्हटल्यावर सगळी सिनेमातलं बोलायला लागली. प्रत्येक वाक्याला "आवं पाव्हणं". मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी उभी राहून सांगितलं की सायखेड्यात असं कोणी बोललं तर लोक त्याला बाहेरगावचा समजून पाणी विचारतील. मास्तरांचं काम करणारा गडी सटाण्याकडचा होता. तो चांगला नट, पण रंगात आला की "आहे"चं अहिराणी "शे" व्हायचं त्याचं. तेवढं मी चालवून घेतलं, कारण तो मनापासून बोलायचा.

आक्काच्या भूमिकेतली मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली. नाशिकरोडला एका शाळेत शिकवते, सुरगाण्याच्या डोंगराकडची आहे, खोली घेऊन एकटीच राहते. तिला प्रवेश होता एकच, निरोपाचा, पण ती मला सारखी विचारायची की तुमच्या आक्काला पलीकडे कसं वाटलं असेल. मला काय माहीत कसं वाटलं असेल. शेवटी एका रविवारी मी तिला घेऊन आक्काकडे गेले.

आक्का ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, द्राक्षाच्या छाटणीला मळ्यात गेले होते. आक्कानं मुलीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली की मी हिच्यापेक्षा गोरी होते. मग खूश होऊन शेंगदाण्याचे लाडू काढले. मुलगी लाडू हातात धरूनच म्हणाली, "आक्का, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, ते सांगाल?"

आक्का जुड्या बांधता बांधता सांगायला लागली. मंडप भिजला म्हणून लग्न शाळेत लागलं. शाळा गंगेच्या अगदी काठावर, पण दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, आत कंदील, आणि चहूबाजूंनी सगळी त्यांची माणसं. मग म्हणाली, "माझ्या बाजूचं कोणी नव्हतंच. मामा-मामी दोन अन् दादा. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट बाजूला केला, अन् मी हार घालाया हात वर केला तर दादा न्हाईत. उठून बाहेर निघून गेले. हार घातला, टाळ्या वाजल्या, तरी आले न्हाईत. मी दाराकडंच बघत व्हते."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी विचारलं, "मग तू त्यांना कधी विचारलं नाहीस?"

"काय विचारू? लेक उजवली, डोक्यावरचं वझं उतरलं, सुटले. त्यात विचारायचं काय."

हे तिनं जुडीला गाठ मारता मारता, अगदी सहज सांगितलं. दादा आमचे फार कमी बोलणारे. कोणाला जवळ घेतलंय, पाठीवरून हात फिरवलाय, असं त्यांचं मला आठवत नाही. पण आक्का त्यांची लाडकी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि माझा त्याबद्दल थोडा जळफळाटही व्हायचा. ती लाडकी लेक, आपण हार घालताना बाप निघून गेला, हे उरात घेऊन म्हातारी झाली होती. निघताना तिनं त्या मुलीला विचारलं की तुझं नाटक बघायला तुझ्या घरचं कोण येणार. मुलगी म्हणाली, "कोणी नाही. भाताची सोंगणी चालू असेल तेव्हा, सगळे शेतात." आक्का "हं" म्हणाली आणि मेथीच्या दोन जुड्या तिच्या पिशवीत टाकल्या.

माझी चूक एवढीच की हे सगळं मी दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकासमोर बोलले. त्याचे डोळेच चमकले. त्याला हा प्रसंग नाटकात हवा होता. वधूनं हार उचललाय, बाप पाठ फिरवून चाललाय, त्याच्यावर निळा प्रकाश. म्हणाला, हे घातलं तर अंतिम फेरी आपलीच. दादांचं काम तो स्वतःच करत होता, तेव्हा निळा प्रकाश त्याच्यावरच पडणार होता. मी म्हणाले की माझ्या बापाला पाठ फिरवून चालताना दाखवलंत तर मी पहिल्या रांगेत उठून आरडाओरडा करीन. तो म्हणाला की ती खरी घटना आहे. मी म्हणाले की खरी असली तरी आमच्या घरातली आहे. शेवटी नवरा झोपेतून उठून मधे पडला. प्रसंग टळला, पण चार दिवस दिग्दर्शकानं मला वहिनी म्हटलं नाही, मॅडम म्हटलं.

खरं सांगायचं तर मी दादांची बाजू घेऊन भांडले तरी माझ्या मनातही किडा शिरला होता. का गेले असतील ते? रडू आवरेना म्हणून? की आक्का म्हणते तसं, सुटलो म्हणून? आई गेली, दादा गेले, आणि मामा-मामीही गेले होते. विचारणार कोणाला.

आक्काला नाटकाला बोलवायला मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा ती म्हणाली की माझं लग्न काय तमाशा हाय का लोकांनी तिकीट काढून बघायला. दुसऱ्यांदा म्हणाली, मजूर मिळत नाहीत. तिसऱ्यांदा तिनं ऐकूनच घेतलं नाही. मी नाद सोडला. प्रयोगाच्या दिवशी दुपारी सायखेड्याची मंडळी पिकअपमध्ये बसून नाट्यगृहावर उतरली. त्यांच्या मागून दाजींची गाडी आली, आणि तिच्यातून ठेवणीतलं लुगडं नेसलेली आक्का उतरली. हातात पिशवी. मी पुढे धावले तर म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाय आले. त्या पोरीच्या बाजूनं कोणी नको का?"

ती तडक रंगपटात गेली. मेकअपच्या आरशासमोर त्या मुलीला पाटावर बसवायचं म्हणाली, पाट नव्हता म्हणून खुर्चीवर बसवलं, आणि नारळ, खण, गहू, सगळं रीतसर काढून तिची ओटी भरली. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, दिग्दर्शक घड्याळाकडे बघून डोकं धरून उभा. आक्का त्याला म्हणाली, जरा धीर धरा, लग्नघर आहे. मुलीचा मेकअप डोळ्यांखाली सगळा ओघळला होता, तो पुन्हा करावा लागला.

दिग्दर्शकानं दारातच प्रत्येक प्रेक्षकाला अक्षतांची पुडी द्यायचं ठरवलं होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा त्याला सक्त विरोध होता, तांदूळ झाडता झाडता आमच्या नाकी नऊ येतात म्हणाला. पडदा पडल्यावर पूर स्वतः झाडून देईल, अशी हमी दिल्यावर तो तयार झाला.

प्रयोग चांगला चालला होता. माझी तेविशीची मी छान रडली. निरोपाच्या प्रवेशाला त्या मुलीनं सगळं नाट्यगृह हलवलं, आणि पूर त्या दिवशी असा काही चढला की पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पाय वर घेतले. मग काठावरचा प्रवेश आला. नट ताडपत्रीकडे तोंड करून उभे. सटाण्याच्या मास्तरांनी हात उंच केला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वेळ झाली. टाका अक्षता."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "घड्याळ कशाला बघतो?"

ते आमच्या शेजारचे तात्या होते. दादांच्या वयाचे म्हणता येणार नाही, पण त्यांच्याबरोबर ऊसतोडीपासून जत्रेपर्यंत सगळीकडे असलेले. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांना पुढे बसवलं होतं. ऐकायला कमी येणारी माणसं बोलतातही मोठ्यानं, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांच्या पुतण्यानं हात धरून खाली बसवायला बघितलं तर ते उभेच राहिले. "ते घड्याळ पाणी जाऊन बंद पडलं व्हतं मास्तराचं. वेळ काय झाली कोणालाच कळंना. तिकडं वर बघ की, कौलावर."

रंगमंचावर सगळे थिजले. स्पर्धेचा प्रयोग, परीक्षक तिथंच बसलेले. पण सटाण्याचा गडी बिथरला नाही. त्यानं हात खाली घेतला, तात्यांकडे वळला आणि विचारलं, "कौलावर काय शे, तात्या?"

"यांचा बाप," तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले. "आम्ही समदे गंगेकाठी उभे. मुहूर्त टळला का लागला, काय पत्ता न्हाय. तेवढ्यात हा गडी पल्याडच्या शाळंच्या कौलावर चढला, अन् अंतरपाट असा डोक्यावर धरून हलवाया लागला. मंग कळलं आम्हाला, लागलं लग्न. मंग टाकल्या अक्षता."

ताडपत्रीसुद्धा थांबली. माझ्या मागच्या रांगेतून आक्काचा आवाज आला. ती उभी राहिली होती.

"कोण चढलं व्हतं, तात्या?"

"तुझा बाप गं. दुसरं कोण चढंल त्या पावसात."

"हार घालताना?"

"तिकडं आत काय चाललं व्हतं ते मला कसं दिसंल? कापड हललं तेवढं दिसलं."

आक्का खाली बसली नाही. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढून घेतला आणि रंगमंचाकडे बघत उभी राहिली. मला वळून तिच्याकडे बघवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण आमच्या दादांना उंचीची भीती वाटायची. घरातलं माळ्यावरचं काहीही काढायचं असलं तर ते आईला चढवायचे आणि स्वतः खाली शिडी धरून उभे राहायचे.

पुढे जे झालं त्याची तालीम झाली नव्हती. दादांच्या भूमिकेतला दिग्दर्शक विंगेत उभा होता, त्या प्रवेशात त्याला काम नव्हतं. त्यानं खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, लाइटवाल्याची शिडी ओढली, तिच्यावर चढला आणि दोन्ही हातांनी उपरणं डोक्यावर हलवायला लागला. निळा प्रकाश वगैरे काही नव्हता, अर्धा तो विंगेच्या कापडाआडच होता. सटाण्याच्या मास्तरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "लागलं लग्न. टाका."

नाट्यगृहभर अक्षता उडाल्या. सायखेड्याच्या बायकांनी मात्र रंगमंचाकडे एक दाणा टाकला नाही. त्या सगळ्या वळल्या आणि त्यांनी आक्काच्या डोक्यावर टाकल्या. तात्यांनाही पुतण्यानं पुडी उघडून दिली. आक्काशेजारी दाजी बसले होते, त्यांच्यावरही आपोआपच पडल्या. आक्काच्या भूमिकेतली मुलगी त्या प्रवेशात नव्हतीच, ती विंगेतून धावत बाहेर आली आणि रंगमंचाच्या कडेला उभं राहून आक्काकडे बघत राहिली. पूर ताडपत्रीखालून डोकी काढून बघत होता. मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईनं आपला रुमाल मला दिला आणि तिच्याही पुडीतल्या अक्षता माझ्या हातात ओतल्या.

स्पर्धेत आम्ही वेळ ओलांडली, त्यामुळे अंतिम फेरी हुकली. पण परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं की प्रेक्षकांत पेरलेल्या वृद्ध नटांचा अभिनय अत्यंत सहज, दिग्दर्शकाची ही कल्पना धाडसी. दिग्दर्शकानं शेऱ्याचा तेवढा भाग कापून आणून आम्हाला दाखवला आणि त्यावर एक शब्दही खुलासा केला नाही. तात्यांना कळल्यावर त्यांनी विचारलं की मग बक्षीस कोणाला द्यायचं ठरलं.

प्रयोग संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे चहा-वडा खात उभे होतो. उन्हं उतरत होती. आक्काच्या केसांत, पदराच्या घडीत अजून अक्षता होत्या आणि ती त्या झाडतही नव्हती. बराच वेळ तिनं काही खाल्लं नाही, नुसता कप धरून होती. मग दाजींकडे वळली. सगळ्यांसमोर ती त्यांच्याशी असं कधी बोलत नाही.

"तुम्ही तर समोरच व्हता. तुम्हाला ठाव व्हतं, दादा वर चढलेत ते?"

दाजींनी वडा संपवला. "व्हतं की. शाळंची कौलं फुटली ना त्यांच्या पायानं. आमच्या वडलांनी दुसऱ्या दिवशी नवी घातली."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"तू कधी विचारलंस?" दाजी खरोखरच गोंधळले होते. "मला वाटलं तुला ठाव हाय. समद्या गावाला ठाव हाय."

आता दाजींची काही खैर नाही असं मला वाटलं, पण आक्का हसायला लागली. हसता हसता पायरीवर बसली, मग मीही तिच्या शेजारी बसले. दोन्ही काठांना आपापली अर्धी गोष्ट पाठ होती आणि पलीकडच्यांना आपली अर्धी ठाऊकच असणार असं प्रत्येकाला वाटत होतं. दादांनी तर काय, कौलावरून उतरल्यावर हातपाय धुतले असतील आणि पंगतीला बसले असतील. आपण काही सांगण्यासारखं केलंय हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी आक्काचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही, सरळ विषयालाच हात घातला. म्हणाली, त्या पुस्तकातलं लग्नाचं प्रकरण दुरुस्त करून घे. घड्याळ काढून टाक. मी म्हटलं, अगं, पुस्तक छापून झालंय, दिवाण भरलाय. म्हणाली, दुसरं छाप. दादांना कौलावर चढव. त्यांना वर जायची भीती वाटायची तेही लिही, न्हायतर लोकांना वाटंल गडी सारखाच चढत असंल. मी कागद-पेन घेतलं आणि ती सांगत गेली तसं लिहीत गेले. कौलं फुटली ते घातलं, पाऊस घातला, तात्यांना घातलं.

"अन् मी आत काय करत व्हते ते पण लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"लिही की मी दाराकडं बघत व्हते," ती म्हणाली. "अन् ते माझ्या डोक्यावरच व्हते."